फोटोच्या पाठीवर नाव लिहा

आत्या तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती. तिच्यापुढे मी १९५२ सालचा एक फोटो ठेवला. साताऱ्याच्या वाड्याच्या पायऱ्यांवर काढलेला, थोरल्या काकांच्या लग्नातला. त्यात तेवीस माणसं आहेत. आत्यानं भिंग घेतलं आणि मागच्या रांगेपासून सुरुवात केली. "हा बंडूमामा. ही आईची मावसबहीण, मिरजेला दिलेली. हा कोपऱ्यातला उगाच घुसलाय, शेजारच्यांचा पाहुणा होता." चौदा नावं झाली आणि तिनं भिंग खाली ठेवलं. "डोळे शिणले गं. बाकीची दिवाळीला आलीस की सांगते." दिवाळीला तीन आठवडे असताना ती गेली.

नऊ जण राहिले. पुढच्या रांगेत परकर-पोलक्यातली एक मुलगी मांडी घालून बसली आहे, हातात पितळी लोटी घट्ट धरून. तिचं नाव सांगू शकेल असं माणूस आता आमच्या नात्यात नाही. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे. नाव एकाचंही नाही.

म्हणून हे आवाहन करते आहे, आणि ते घाईचं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंतली माणसं ज्यांना ओळखू येतात, त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि नावं लिहून घ्या. सवडीनं करू म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं.

आज फोटोंना काय तोटा, असं कोणालाही वाटेल. तोटा नाहीच. २०१३ साली फेसबुकनं सांगितलं होतं की त्यांच्याकडे २५ हजार कोटींहून अधिक फोटो जमा झालेत आणि रोज ३५ कोटींची भर पडते आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गूगलनं आपल्या फोटो साठवण्याच्या सेवेचे आकडे दिले: चार लाख कोटी फोटो साठलेले आणि दर आठवड्याला २८०० कोटी नवे फोटो व व्हिडिओ. म्हणजे त्या एकाच सेवेत दिवसाला ४०० कोटी. पूर्वी कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल घालायचो, सहलीला एक आणि लग्नाला चार. त्या हिशेबानं रोज अकरा कोटी रोल संपताहेत. आमच्या घरी साठच्या दशकातला एक रोल दोन गणपती पुरला होता.

पण या ढिगात नावं कुठे आहेत? यंत्र एक चेहरा घेऊन तोच आणखी कुठे कुठे दिसतो ते शोधून देतं. तो चेहरा कोणाचा, हे त्याला माणसानंच सांगावं लागतं. आपण सांगत नाही, कारण आज आपल्याला सगळे ओळखू येतात. वाड्याच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या त्या तेवीस जणांनाही एकमेकांची ओळख होतीच. नाव लिहायची गरज कोणाला वाटेल?

बायकांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त त्याच हरवतात. आत्यानं सांगितलेल्या चौदा जणांत सात बायका होत्या. त्यांतल्या पाच जणी तिनं सांगितल्या त्या अशा: माई, वहिनी, मोठ्या काकू, अक्का, धाकट्या वन्सं. त्यांतल्या एकीवर बोट ठेवून मी विचारलं, "पण हिचं नाव काय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासरचं लक्ष्मी होतं. माहेरी तिला चंपू म्हणायचे, पण ते विचारलंच नाही कधी कोणी." आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचे आणि जुनं त्या दिवसापासून मागे पडायचं. आडनाव तर बदलायचंच. अशा बाईचा फोटो नातवंडांच्या हाती येतो तेव्हा त्यांच्याकडे फक्त 'पणजी' हा शब्द उरलेला असतो. म्हणून लिहाल तेव्हा दोन्ही नावं लिहा, तांदळावरचं आणि त्याच्या आधीचं. गाव लिहा, माहेरचं आडनाव लिहा. विधवा झालेल्या, परत माहेरी आलेल्या, मूल नसलेल्या बायका फोटोच्या कडेला उभ्या असतात. त्यांची नावं आधी विचारा. त्यांना विचारणारी स्वतःची नातवंडं नाहीत.

आपल्याकडे फोटोग्राफी फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार होते. त्याच काळात गोऱ्या साहेबांनीही इथल्या माणसांचे फोटो काढून ग्रंथ छापले. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावानं १८६८ ते १८७५ मध्ये त्याचे आठ खंड निघाले. त्यातल्या बहुतेक चेहऱ्यांखाली जात, जमात किंवा धंदा लिहिला आहे, माणसाचं नाव नाही. डोळ्याला डोळा भिडवून बघणारी ती माणसं आज एका जातीचा नमुना म्हणून ग्रंथालयांत पडून आहेत. परक्यांनी हे केलं याचा राग येतो. मग आपल्याच पणजीला आपण 'कोणीतरी जुनी बाई' करून सोडावं, हे मला पटत नाही.

ज्यांच्या घरात अल्बमच नव्हता, त्यांना माझं आणखी कळकळीचं सांगणं आहे. महाराष्ट्रात अशी असंख्य घरं आहेत, जिथे आजीचा एकच फोटो आहे आणि तो मतदार ओळखपत्रावरचा आहे. छायाचित्र असलेली ही ओळखपत्रं १९९३ पासून आली. त्याआधीची आयुष्यभराची आजी कुठेही नाही. एखाद्या घरी गिरणीतल्या खात्याचा सामुदायिक फोटो असतो, एखाद्या घरी तमाशाच्या फडाचा, भजनी मंडळाचा, ऊसतोडीच्या टोळीचा, शाळेच्या वर्गाचा. असा एक फोटो तीस-चाळीस घरांचा असतो. गिरणगावातली माणसं १९८२ च्या संपानंतर पांगली, काही कोकणात परतली, काही विरार-बदलापूरला गेली. खात्याच्या फोटोतली दुसऱ्या रांगेतली नावं सांगणारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्याकडे असा फोटो असेल तर तो एकट्याकडे ठेवू नका, त्याची प्रत करून त्या चाळीस घरांच्या शोधाला लागा.

जुने फोटो जातात कुठे, हे पाहायचं असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एक चक्कर मारा. लग्नाची जोडपी, मुंजीतले बटू, टोपी घातलेली बाळं, सगळे खोक्यांत भरून विकायला ठेवलेले असतात. कोणा दुष्टानं त्यांना तिथे नेलेलं नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, घर महिन्याभरात रिकामं करायचं होतं, माळ्यावरची ट्रंक उघडली आणि सुनेनं विचारलं, "हे कोण?" उत्तर मिळालं नाही. ज्याचं नाव माहीत नाही तो फोटो रद्दीत टाकताना हात अडखळत नाही. नाव लिहिलेला असेल तर अडखळतो.

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली तेव्हा मियागी प्रांतातल्या यामामोतो या छोट्या गावाच्या चिखलातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो निघाले. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, ते लोक फोटो शोधत होते. स्वयंसेवकांनी एकेक फोटो पाण्यानं हलक्या हातानं धुतला, वाळवला, त्याची प्रत संगणकावर घेतली आणि लोकांना येऊन आपापली माणसं ओळखायला सांगितलं. आपल्याकडे पानशेतचा पूर झाला, मुंबईतला २६ जुलै झाला, २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं. भिजलेले अल्बम गाळाबरोबर उचलून टाकले गेले. पुढच्या वेळी तरी ओला फोटो लगेच फेकू नका. तो स्वच्छ पाण्यात धुऊन, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवला तर पुष्कळदा वाचतो. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे ओढून सोडवू नका, आधी पाण्यात सुटू द्या.

आता कामाचं. जुन्या कृष्णधवल फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हात न दाबता लिहा. बॉलपेननं लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. रंगीत फोटोची पाठ गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल चालत नाही. मग कागदी पाकिटावर आधी नावं लिहा आणि फोटो नंतर आत घाला. सामुदायिक फोटो असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून डोक्यांचे नुसते गोल काढा, गोलात आकडे घाला आणि खाली आकड्यापुढे नाव. लॅमिनेशन करू नका. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले ऐंशी-नव्वदच्या दशकातले अल्बम तुमच्याकडे असतील तर त्यातले फोटो सुटताहेत तोवर बाहेर काढा. सुटत नसतील तर ओढाताण न करता तसेच मोबाइलवर टिपून घ्या.

आणि म्हातारं माणूस बोलत असताना फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. नाव विचारलं की ते आधी तिसरंच काहीतरी सांगतं. कोणी कोणाला विहिरीतून काढलं, कोणाचं सोनं कुठे गेलं. अडवू नका. आत्याला मी दोनदा "ते राहू दे, पुढचं नाव सांग" म्हटलं होतं. शेजारच्यांचा तो पाहुणा लग्नात कसा घुसला, ते राहूनच गेलं.

तुमच्या फोनमधल्या फोटोंचंही आत्ताच बघा. मायस्पेस या एके काळच्या गाजलेल्या संकेतस्थळावरचे लोकांचे जुने फोटो, गाणी आणि व्हिडिओ माहिती हलवताना नष्ट झाले. हे २०१९ साली उघड झालं. गूगलचा नियम असा आहे की खातं दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर ते फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. माणूस गेलं की त्याचं खातं कोण वापरणार? त्यासाठी खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे, तिथे आपल्या माणसाचं नाव नोंदवता येतं. आयफोनमध्ये याच कामासाठी 'लेगसी काँटॅक्ट' आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटांत हे होतं. घरच्यांना जुना फोटो पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही आतली नोंद गळून पडते. वर्षाकाठी निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्या, आणि त्यांच्या पाकिटांवरही नावं लिहा.

तुमच्या नात्यात, गल्लीत, गावात सगळ्यांना ओळखणारं एक माणूस असतंच. एखादी मावशी, निवृत्त गुरुजी, जुन्या स्टुडिओचे मालक. ते कोण, हे वाचता वाचता तुमच्या डोळ्यांपुढे आलंही असेल. त्यांना आत्ताच फोन करा आणि विचारा, येत्या रविवारी किती वाजता येऊ.