घंटागाडीची शिस्त झाडांना कधी?

नव्वदच्या दशकात नाशिक महापालिकेने गल्लीबोळांत घंटागाडी फिरवायला सुरुवात केली आणि पुढे राज्यातल्या इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. मक्तेदार बदलले, वाद झाले, वेगवेगळा करून दिलेला ओला-सुका कचरा गाडीत पुन्हा एक होतो ही तक्रार तर जुनीच. तरीही घंटागाडी टिकली. पाथर्डीच्या खतप्रकल्पाला तिनेच आधार दिला. विल्होळीला हॉटेलांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला यांपासून वीज करण्याचा प्रकल्पही जर्मन सहकार्यातून उभा राहिला. घंटागाडी टिकण्याचे कारण साधे आहे. ती दारात येते आणि आली नाही तर त्याच दिवशी बायाबापड्या नगरसेवकाच्या नावाने ओरडतात.

झाडांच्या नावाने ओरडायला मात्र कुऱ्हाड पडण्याची वेळ यावी लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधूंच्या निवासासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, तपोवनातल्या सुमारे 1,800 झाडांबाबत नोटीस निघाली, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, हरकतींचा ढीग पडला. त्यावर राजमहेंद्रीच्या रोपवाटिकांतून उंच झाडे आणून लावण्याची घोषणा झाली. सावली अशी ट्रकमधून उतरवता येत असती तर प्रश्नच मिटला असता! साधूंची सोय झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण दर बारा वर्षांनी येणारा मेळा अचानक उपटल्यासारखे नियोजन करायचे आणि त्याची किंमत झाडांनी मोजायची, हे कोणत्या शास्त्रात बसते?

1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची आणि ती सात वर्षे सांभाळायची, असे ती सांगते. म्हणजे खरे काम खड्डा खणून फोटो काढल्यानंतर सुरू होते. उन्हाळ्यातले पाणी, कुंपण, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे रोप, या कामांना उद्घाटन नसते, म्हणून त्यांना वालीही नसतो. गोदावरीचे दुखणे याच जातीचे. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे मलजलशुद्धीकरण केंद्रे असूनही नंदिनी आणि वाघाडी या उपनद्यांतून सांडपाणी गोदावरीत येतेच.

म्हणून नवा वृक्षारोपण सप्ताह नको. प्रत्येक प्रभागात कोणत्या वर्षी किती झाडे लावली आणि त्यांतली आज किती जिवंत आहेत, याची यादी विभागीय कार्यालयाच्या दारावर लागली पाहिजे. ठेकेदाराचे बिलही जगलेल्या झाडांवरच निघावे. यादी समोर असली की आपल्या गल्लीतले वाळलेले रोप कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे नागरिकांना कळेल आणि घंटागाडीसारखी ओरड झाडांसाठीही सुरू होईल. सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी ठरले आहे. आयुक्तांनी पहिली यादी त्याआधी जाहीर करावी.