नमो मरियाच्या वेगाने

उपवासकाळ आला की वसईतल्या कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये संत पौलाची शर्यत सुरू होतेच. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने श्रद्धेच्या वाटचालीला मैदानातल्या धावण्याची उपमा दिली आहे. बक्षीस एकालाच मिळतं, तेव्हा जिंकायच्या तयारीने धावा, असा त्याचा रोख. हे प्रवचन मी पन्नास वर्षं बाकाला पाठ टेकून अगदी निवांत ऐकत आलो. शाळेच्या क्रीडादिनी माझं लिंबू चमच्यातून नेहमी पहिल्या दहा पावलांत पडायचं. पौल ज्यांच्याशी बोलतोय त्यांच्यात आपण नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा जानेवारीत डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, बाहेर अंधार असताना, मुलाचे जुने बूट घालून सुरूच्या बागेकडे निघालो.

सोबत एक वेळापत्रक होतं. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६मध्ये ते आखलं, पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला सोफ्यावरून उठवून धावतं करावं म्हणून. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद धावायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. साठ सेकंद! मी हसलो होतो. चौथ्या खेपेला सुरूच्या झाडाला धरून उभा होतो. (उपवासकाळ साडेसहा आठवड्यांचा आणि हे व्रत नऊ आठवड्यांचं, म्हणजे ईस्टरच्या मटणानंतरही सुटका नाही, हे माझ्या लक्षात उशिरा आलं.)

मोबाइल हातात धरून पळायचं मला जमेना. सेकंद मोजायचे कसे? आईची एक जुनी रोझरी खिशात होती. आई ब्याऐंशीची आहे, माळ म्हणताना तिचा वेग लोकलसारखा. तिच्या चालीने म्हटल्या तर एका मिनिटात पाच नमो मरिया होतात, हे मी घरी घड्याळ लावून पाहिलं. मण्याला एक प्रार्थना, तेव्हा पाच मणी धावायचं, मग साडेसात मणी चालायचं. अर्धा मणी कसा मोजायचा हा प्रश्न आहेच, तो मी चालण्याच्या बाजूने उदारपणे सोडवला.

झालं असं की दुसऱ्या मण्यावरच प्रार्थना तुटायची. पहिला अर्धा भाग नीट, पुढे नुसता फुसफुस आवाज. आधी वाटलं, माझा दमच तेवढा. मग धावण्याच्या नादातला एक जुना मित्र म्हणाला, अरे, नवख्याने बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं असतं, वाक्य तुटलं की समज, तू जोरात पळतोयस. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. इतका की दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला मागून येऊन पुढे जाताना वळून बघायला लागला. पण नमो मरिया अखंड यायला लागली. लहानपणी संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकून पेंगत म्हटलेली ती रटाळ माळ, जिच्यात भावना वगैरे काही नसते म्हणून कॉलेजात मी आईशी वाद घातला होता, ती फुप्फुसांचं माप म्हणून कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं!

तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाची नडगी दुखायला लागली. याचं कारण साधं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. दम टिकायला लागला म्हणून माणूस हुरळतो आणि नडगी बिल मागते. तिला चार दिवस मी बर्फ लावून बसलो. शुक्रवारी क्रुसाची वाट होती, लंगडत गेलो. चौदा स्थानं. चार पावलं चालायचं, थांबायचं, गुडघे टेकायचे, उठायचं, परत चार पावलं. इतकी वर्षं केलेली ही भक्ती त्या दिवशी मला एकदम ओळखीची वाटली, जॉश क्लार्कच्या कागदासारखी. येशू तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी पडतो. शुभवर्तमानांत हे पडणं कुठेच नाही, लोकांच्या भक्तीने ते नंतर घातलं. ज्यांनी घातलं ते स्वतः बरंच चालले असणार.

पौलाचे धावपटू मात्र अशा वाटेवरचे नव्हतेच. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे. तिथली मानाची शर्यत २०० मीटरपेक्षाही थोडी कमी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारी. विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट मिळायचा आणि काही काळ तर सुकवलेल्या सेलरीचा. पौल त्याला नाशवंत मुकुट म्हणतो ते शब्दशः खरं आहे. पालेभाजीचं दुपारपर्यंत काय होतं ते आम्हा वसईकरांना कुणी सांगायला नको.

धावणं आणि धर्म म्हटलं की एरिक लिडेलचं नाव येतंच. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, आणि चारशे मीटरचं सुवर्ण ४७.६ सेकंदांत जिंकला. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ने ही गोष्ट जगभर पोचवली. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट जास्त धरून ठेवते. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात वेइशिएनच्या जपानी छावणीत अडकला. तिथली मुलं रविवारी हॉकी खेळताना मारामारी करायची. पंच नव्हता. तेव्हा ज्याने सुवर्णपदकासाठीही रविवार मोडला नव्हता, तो रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उतरला. फेब्रुवारी १९४५मध्ये, छावणी सुटायच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो तिथेच गेला. पदकाच्या भाषणात ही शिट्टी कुणी आणत नाही.

माझ्या वेळापत्रकातल्या पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस नवख्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे. त्याच आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तुकडे असतात आणि एकदम सांगतात, आज सलग वीस मिनिटं. मी पहिल्यांदा चौदाव्या मिनिटाला बसलो. दुसऱ्यांदा सतराव्या. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा नाक्यावर फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका स्टेशनला जायला टमटमची वाट बघत उभ्या होत्या, दादरचा बाजार गाठायला. त्यांतली एक आईच्या ओळखीची. ‘अजून पळतोयस?’ तिने विचारलं. उत्तर द्यायला दम होता, एवढंच लक्षात आलं आणि पुढचं कसं संपलं ते कळलं नाही.

घरी आलो तर आई ओट्यावर सुरमई साफ करत होती. तिला सांगितलं, वीस मिनिटं, न थांबता.

‘किती नमो मरिया झाल्या?’

मी म्हटलं, तिसाच्या पुढे मोजायचं विसरलो.

तिने मासा उलटा केला. ‘मग राहिल्यात त्या. संध्याकाळी म्हणून टाक.’