औषधाचें खरें नांव कां लपवितां?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, एके काळीं सावकार मोडींत काय खरडी तें कुळास कळत नसे. अंगठा मात्र कुळाचा. आज दवाखान्यांतून जी चिठ्ठी हातीं पडते तिची गत काय निराळी आहे? तिच्यावर कंपनीनें ठेवलेलें नांव असतें. औषधाचें खरें नांव निराळेंच, आणि त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी पुष्कळदां स्वस्त मिळते, हें रोग्यास सांगतो कोण? रक्तदाब, मधुमेह हे जन्माचे सोबती. त्यांची गोळी रोजची, भुर्दंडही रोजचा!

कंपन्यांचीं नांवें हळूहळू बंद करा, असें हाथी समितीनें १९७५ सालींच सुचविलें होतें. पुढें २ ऑगस्ट २०२३ रोजीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें खरें नांव लिहिण्याची सक्ती केली. इंडियन मेडिकल असोसिएशननें गिल्ला केला, आणि २३ ऑगस्टला नियम तहकूब! जुने २००२ चे नियम पुन्हां लागू झाले. गंमत ही, कीं खरें नांव सुवाच्य अक्षरांत लिहावें, असें २०१६ च्या दुरुस्तीपासून त्यांतही आहेच. पाळतात किती?

डॉक्टर म्हणतात, स्वस्त गोळीच्या गुणाची हमी काय? शिवाय कंपनी मग दुकानदार निवडणार, आणि जींत नफा जास्त तीच देणार. ही तक्रार खोटी नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों. गोळी निकस निघाली तर शिव्या, प्रसंगीं मारही, डॉक्टरच खातो. परंतु मग गिल्ला कशासाठीं करावयाचा? औषधांची तपासणी कडक व्हावी, प्रयोगशाळा व निरीक्षक वाढावेत, यासाठीं! तो न करितां नियमच पाडला. महाग नांव छापल्यानें का गोळी चोख होते?

आणि त्या नांवामागें काय चालतें? कंपन्या डॉक्टरांस ज्या भेटी देतात त्यांचा खर्च प्राप्तिकरांत वजा मिळणार नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें दिला. हा खर्च अखेर औषधाच्या किंमतींत चढतो, हेंही न्यायालयानें सांगितलें. म्हणजे भेट डॉक्टरांस, पैसा तुमचा!

सर्वच डॉक्टर असे नव्हेत. खरें नांव लिहून समजावून सांगणारेही आहेत, त्यांस आमचा रामराम. इतरांस आमची मागणी एवढीच: विश्वासाची कंपनी असेल तर तिचें नांव खुशाल लिहा, पण शेजारीं औषधाचें खरें नांव ठळक अक्षरांत पाहिजे. बंधूंनो, पुढच्या खेपेस चिठ्ठी घेऊन उठण्यापूर्वीं तें मागून घ्या.