बाईंचे खाडे आणि आपला हिशेब



दर गुरुवारी दुपारी आम्ही सोसायटीतल्या सात-आठ जणी स्वाध्यायाला जमतो. ग्रंथ उघडायच्या आधीची दहा मिनिटं ठरलेल्या विषयावर जातात. "तुझी बाई आली का गं?" एकीची गावी गेली ती परतलीच नाही, दुसरीची उचल घेऊन फोन बंद करून बसली, तिसरीची ऐन सणाच्या तोंडावर "पगार वाढवा, नाहीतर सोडते" म्हणाली. मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, घरोघरी मातीच्याच चुली. या तक्रारीत मीही वर्षानुवर्षं सूर मिसळला आहे. आज थोडं वेगळं लिहिणार आहे. माझ्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या ताई गेल्या वर्षी काम सोडून गेल्या, आणि त्या का गेल्या हे कळायला मला सहा महिने लागले.

ताईंचं नाव लिहीत नाही. २०१३ पासून त्या आमच्याकडे होत्या. सकाळी भांडी, केर-फरशी आणि संध्याकाळी पोळ्या. आपल्याकडे जेवण सूर्यास्ताआधी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचला तवा तापलेला हवा. इतर घरांत पोळ्यांची बाई सातला आली तरी चालते, आपल्याकडे सगळं काट्यावर. ताईंनी ते सांभाळलं. कांदा-बटाटा घरात का नाही, पाणी गाळून का घ्यायचं, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. पुढे माझी नवी सून चुकली तर त्याच तिला सांगायच्या.

कोविडनंतर त्यांना भांडुपची भाड्याची खोली परवडेना, त्या दिव्याला राहायला गेल्या. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड. नकाशावर चारच स्टेशनांचं अंतर, पण सकाळच्या गर्दीत दिव्याला गाडीत शिरायचं म्हणजे काय, हे त्या बाजूच्या माणसांनाच विचारा. त्यांना उशीर होऊ लागला, खाडे वाढले. मी कालनिर्णयवर लाल गोल करत गेले. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीचा बोनससुद्धा न घेता, त्या म्हणाल्या, "काकू, एक तारखेपासून येत नाही."

मी काय म्हटलं असेन ते तुम्हाला सांगायला नकोच. अकरा वर्षं घरच्यासारखं वागवलं, तरी शेवटी हे! नंतरच्या सहा महिन्यांत चार बायका आल्या आणि गेल्या. एजन्सीने एका महिन्याच्या पगाराइतकी फी घेतली, तिची बाई १९ दिवस टिकली.

एप्रिलमध्ये मुलुंड स्टेशनबाहेर ताई भेटल्या. आता ठाण्यातच काम करतात, एक स्टेशन वाचलं. मी विचारलं, "पैशांसाठीच सोडलंत ना?" त्या हसल्या. "नाही हो काकू. पर्युषणात तुमचा दहा दिवस उपवास असतो आणि माझी भांडी दुप्पट असतात. जादा एक रुपया नाही. आणि एक दिवस पाय सुजला म्हणून आले नाही, तर तो तुम्ही कापलात."

मी घरी आले. आधीच्या वर्षाचं कालनिर्णय ओट्याच्या कपाटात होतं, ते काढलं. मी बी.कॉम. आहे, नोकरी केली नाही तरी घरचा हिशेब कधी चुकवला नाही. लाल गोल मोजले. बारा महिन्यांत ३१ खाडे. म्हणजे ३३४ दिवस त्या माझ्या दारात उभ्या होत्या, रविवार धरून. मग आमच्या ह्यांचा हिशेब मांडला. हे बँकेतून निवृत्त झाले. रविवार ५२, किरकोळ रजा १२, हक्काची रजा महिनाभर, सणावाराच्या सुट्ट्या साधारण १५. झाल्या १०९. म्हणजे हे वर्षाला अडीचशेच्या आसपास दिवस कामावर जात, आणि रजेच्या दिवशीही पगार मिळे. त्या रजेला आम्ही खाडा कधीच म्हटलं नाही.

दुसरा हिशेब पगाराचा. तीन वर्षं मी ताईंचा पगार वाढवला नव्हता. त्यांनी मागितला नाही, मी विषय काढला नाही. ह्यांच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि दोन महिने उशीर झाला तर हे बँकेत फोन करतात. दरसाल सहा टक्के महागाई धरली, तर तीन वर्षांपूर्वी ३,००० रुपयांत येणाऱ्या सामानाला आज साधारण ३,५७० रुपये पडतात. पगार तेवढाच ठेवला याचा अर्थ मी तो दरवर्षी थोडा थोडा कापत होते. बी.कॉम.च्या बाईला हे कळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट लिहायला मला जड जातं. महाराष्ट्रात घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ चा कायदा आहे, त्याखाली घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तिथे नाव नोंदवायचं तर बाई आपल्याकडे काम करते असं आपण लिहून द्यावं लागतं. कोविडच्या आधी एकदा ताई तो कागद घेऊन आल्या होत्या. सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं, सही करू नका, उद्या ग्रॅच्युइटी मागतील, कोर्टात जातील. मी "बघू" म्हटलं आणि तो कागद फ्रिजवर पडून राहिला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली. ताईंची नोंदणी नव्हती. लॉकडाऊनमध्ये मी त्यांना तीन महिन्यांचा पगार घरबसल्या दिला होता आणि ते चारचौघींत सांगितलंही होतं. फ्रिजवरच्या कागदाबद्दल मात्र मी कुणाला बोलले नाही.

या बायकांचं मागणं काही आजचं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि पगारी सुट्टी हेच तेव्हाही त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या घराचा उंबरठा आपल्या हातात आहे.

आणि आपल्याकडे तर नियम आधीपासून आहे. पर्युषणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. यंदा सातव्या दिवशी सातवा अध्याय वाचताना मी अडखळले. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार त्यात येतात. त्यातला एक अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. दुसरा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणंपिणं अडवणं. मी आजवर ते बैल आणि घोडे यांच्यासाठी आहे असं समजून पुढे जात होते. तपस्वींच्या दर्शनाला येणारे पाहुणे, पारण्याची पंगत, तिची डोंगराएवढी भांडी, आणि त्यासमोर सुजलेल्या पायाची बाई. हे ओझं नाही तर काय? आणि जी बाई सकाळी सहाला दिव्याहून निघते, तिला "तुझ्या डब्यात काय असेल कुणास ठाऊक" म्हणून आपण जिन्यात बसून खायला लावतो, ते काय?

मला कळतं, आपल्या स्वयंपाकघराचे नियम आहेत आणि ते मी मोडायला सांगत नाही. महाराजांच्या आहाराचा चौका लागतो तेव्हा आपणही न्हाऊन, धूतवस्त्र नेसूनच आत जातो, ती गोष्ट वेगळी. पण रोजच्या चहाच्या कपाचा आणि चौक्याचा काही संबंध नाही. बाईसाठी खिडकीत पालथा घातलेला वेगळा कप आपल्यापैकी किती घरांत आहे, हे आपल्याला माहीत आहे. माझ्याकडेही होता. बाहेरचा डबा स्वयंपाकघरात नको असेल तर सोपा उपाय आहे. आपण जे खातो तेच गरम ताटात वाढायचं आणि खुर्चीवर बसून खाऊ द्यायचं.

"एवढे लाड केले तर डोक्यावर बसतील," असं एक मैत्रीण म्हणाली. तिचं सगळंच चूक नाही. उचल बुडवणाऱ्या बायका असतात, न सांगता जाणाऱ्या असतात, घरी म्हातारी माणसं असली की त्या एका फोन बंद असल्याने जीव टांगणीला लागतो. म्हणूनच मी म्हणते, लाड नकोत, ठरलेलं हवं. घरच्यासारखं वागवणं म्हणजे जुनी साडी आणि उरलेली मिठाई देणं असं आपण धरून चाललो. तिला हवी असते कॅलेंडरवर लिहिलेली सुट्टी.

मे महिन्यात नवीन बाई आल्या तेव्हा मी वहीचं एक पान लिहून त्यांना वाचून दाखवलं. महिन्याला चार सुट्ट्या, पगारी, आदल्या दिवशी सांगून. आजारपणाचा पगार कापायचा नाही. दर जानेवारीत वाढ, न मागता. दिवाळीला एक महिन्याचा पगार. पर्युषणाच्या दहा दिवसांचे वेगळे पैसे, आधी ठरवून. आम्ही शिखरजीला गेलो किंवा मुलीकडे महिनाभर राहिलो तरी पगार चालू, कारण ते दिवस आम्ही नको म्हटलं, त्यांनी नाही. उचल दिली तर तारीख आणि रक्कम वहीत, दोघींच्या सह्यांनी. काम सोडायचं किंवा सोडवायचं असेल तर दोन्हीकडून एक महिना आधी सांगायचं. आणि कल्याण मंडळाच्या कागदावर माझी सही पहिल्याच महिन्यात.

याला पैसे लागतात. पेन्शनवर चालणारं घर आहे, म्हणून मी कामच कमी केलं. आम्ही दोघं आपापली ताटं धुतो, पूर्वी चहाला सहा भांडी निघत ती आता दोन निघतात. सातव्याच अध्यायात परिग्रहाची मोजदाद करताना सोनं-धान्याबरोबर दासी-दासही येतात. त्यांचंही परिमाण ठरवायचं असतं, हे मी इतकी वर्षं वाचून सोडून दिलं होतं. आता मोबाईलवर पंधरा मिनिटांत तासाभरासाठी बाई मिळते म्हणतात. अडीनडीला ठीक आहे. पण पाणी गाळायचं फडकं कुठे वाळत घातलंय हे तिला रोज नव्याने सांगावं लागेल.

नव्या बाई अजून टिकून आहेत. जूनमध्ये त्यांनीही न सांगता दोन दिवस दांडी मारली आणि मी चिडले. मग वही उघडून दोघी बसलो. भांडण झालं नाही.

क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी मी व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना उत्तम क्षमा पाठवते. यंदा आधी ताईंना फोन लावला. "असू द्या काकू," म्हणाल्या आणि सुनेची चौकशी केली. त्यांना आता ५३ वर्षं झाली. नोंदणी असेल तर पंचावन्न पूर्ण झाल्यावर मंडळाकडून १०,००० रुपये सन्मानधन मिळू शकतं, हे मी त्यांना सांगितलं. मी आता सही देऊ शकत नाही, कारण त्या माझ्याकडे काम करत नाहीत. ठाण्याच्या घरी कागद दिला का, असं विचारलं.

"दिलाय," त्या म्हणाल्या. "बघू म्हणाल्यात."

मैत्रिणींनो, तुमच्याही फ्रिजवर असा कागद पडलेला असेल तर आज खाली काढा.

जय जिनेंद्र.