व्यापार-चिंतन : अल्प खर्च, खरा बोल



नगरच्या कापड बाजारात, दाळमंडईत वा सराफ बाजारात एकट्याने दुकान सांभाळणाऱ्या बंधू-भगिनींची आज एक समान चिंता आहे. ग्राहक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाइलवर माल पाहतो. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपुढे आपला आवाज कसा पोहोचणार? चित्रफिती करण्यासाठी माणूस नेमणे परवडत नाही आणि स्वस्थ बसावे, तर पिढ्यांची ओळख पुसली जाण्याचे भय वाटते.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. नगर तालुक्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीतील आजींनी २०२० मध्ये नातवाच्या साहाय्याने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केले. कारल्याच्या भाजीसारखी घरोघरची पाककृती लाखो लोकांनी पाहिली. त्या वर्षाअखेरीस चॅनेलच्या सदस्यांची संख्या सहा लाखांच्या घरात गेली होती. आजींपाशी भांडवल होते ते हाताच्या चवीचे, आयुष्यभराच्या अनुभवाचे आणि स्वतःच्या बोलीचे.

असे भांडवल प्रत्येक पेढीवर असते. ग्राहक गल्ल्यापुढे उभा राहून जे प्रश्न विचारतो, तेच आपल्या चित्रफितींचे विषय होत. किराणा व्यापाऱ्याने कांदा-लसूणविरहित मसाल्यात काय काय पडते ते सांगावे. कापड व्यापाऱ्याने रेशमी साडी कशी जपावी ते दाखवावे. सराफाने दागिन्यावरील सहा अंक-अक्षरी एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर कसा पडताळावा हे समजवावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यांवर हा क्रमांक आवश्यक झाला आहे.

खर्चाचा विचार कराल, तर हातातील मोबाइल आणि खिडकीतून येणारा प्रकाश प्रारंभी पुरेसा आहे. पैसे खर्च करायचेच झाले, तर आधी साधा कॉलर माइक घ्यावा. अंधूक चित्र लोक चालवून घेतात, न ऐकू येणारे बोलणे नाही. गर्दी नसेल अशा एका दुपारी चार लहान चित्रफिती एकदम करून ठेवाव्यात आणि आठवड्याला एक प्रसिद्ध करावी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरील मालसूची आणि गुगलवरील दुकानाची नोंद विनामूल्य आहे. चित्रपटगीते मात्र जोडू नयेत. स्वामित्वहक्काचा दावा येऊ शकतो.

पण खरी कसोटी पुढे आहे. चार लोक ओळखू लागले की, न वापरलेल्या मालाची स्तुती करण्यासाठी पैसे देणारे भेटतात. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा आर्थिक संबंध प्रेक्षकांना सांगणे बंधनकारक आहे. कायदा नसता तरी सत्याचे व्रत मानणाऱ्या व्यापाऱ्याला वेगळे काय शोभले असते? मापात पाप नको, तसे बोलण्यातही नको. वाडवडिलांनी जपलेली पत एका मिनिटाच्या खोट्या स्तुतीने जाऊ शकते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘आपली आजी’ चॅनेलही हॅक झाले होते. सुदैवाने काही दिवसांत ते परत मिळाले. तिजोरीची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही. तसेच खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि दुहेरी पडताळणी आजच सुरू करावी. खाते दुसऱ्याने उघडून दिले असले, तरी नोंदणीचा मोबाइल क्रमांक आपलाच असावा.

पहिल्या महिन्यात पाहणारे पन्नासच असतील. निराश होऊ नये. त्या पन्नासांतील पाचजण दुकानात आले, तरी अल्प खर्चात मोठे काम झाले. या पर्युषणापूर्वी प्रत्येक दुकानदाराने ग्राहकांचे दहा नेहमीचे प्रश्न वहीत उतरवून काढावेत, एवढीच नम्र विनंती.