आडवे गेलेले मांजर

गेल्या भाऊबीजेला ताई आमच्याकडे भांडुपला आली होती. ओवाळणे झाले, फराळाच्या बशा फिरल्या, आणि चहाला आधण येईपर्यंत मुलांनी एक नवा खेळ काढला. आमच्या स्टेशनाबाहेरच्या एका दुकानात, हसऱ्या बुद्धाच्या आणि तोंडात नाणे धरलेल्या बेडकाच्या शेजारी, चिनी राशींचे एक पुस्तकही मिळते. ते माझ्या भाचीने आणले होते. आपण जन्मसाल सांगायचे आणि तिने आपले जनावर सांगायचे. धाकट्याचा ससा निघाला. म्हणजे मवाळ आणि सावध. माझा कुत्रा निघाला. इमानी, पण भुंकणारा. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी अशी काही मान डोलावली की, चिनी शास्त्राला त्याहून मोठा पुरावा नको होता.

मग ताईची पाळी आली. साल १९६६. भाची वाचता वाचता अडखळली. ताई निघाली घोडा, आणि तोही साधा नव्हे, अग्नितत्त्वाचा. अशा वर्षी जन्मलेली बाई तापट असते व नवऱ्याच्या आयुष्याला घातक ठरते, असे पुस्तकात छापले होते. सगळे हसले. ताईचे यजमान तर सर्वांत मोठ्याने हसले. साठी उलटून गेली तरी गृहस्थ खणखणीत आहेत. ताई मात्र उठून स्वयंपाकघरात गेली.

ती का उठली, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते. तिच्या परवानगीनेच ते आज लिहितो आहे.

प्रथम चिन्यांच्या जनावरांविषयी दोन बरे शब्द. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर अशी ही बारा जणांची दिंडी. उंदीर हुशार व काटकसरी, बैल कष्टाळू, ड्रॅगन राजयोगाचा, साप शहाणा, डुक्कर सुखवस्तू. गोष्ट अशी सांगतात की, स्वर्गीच्या सम्राटाने शर्यत लावली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि ऐन वेळी पुढे उडी मारून पहिला ठरला. मांजराला मात्र त्याने वेळेवर उठवलेच नाही, म्हणून मांजराला वर्ष मिळाले नाही आणि दोघांचे वैर कायमचे जडले. गोष्ट झकास आहे. मुलांना जरूर सांगावी.

पण मुळात हे आकडे होते. बारा चिन्हांनी दिवस मोजण्याची चिन्यांची पद्धत तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांतही सापडते. त्या चिन्हांना जोडलेली जनावरांची यादी बांबूच्या पट्ट्यांवर मिळते, ती त्यानंतर हजारएक वर्षांनी. म्हणजे मोजणी आधी आणि जनावर मागाहून. लक्षात राहावे म्हणून आकड्याला शेपूट लावले, एवढेच. आपणही हेच करतो. गुरू ग्रह बारा वर्षांनी सिंह राशीत आला की नाशकास सिंहस्थ भरतो. काळाच्या खुंटीला जनावर बांधायला माझी ना नाही. माझी हरकत आहे ती त्याच खुंटीला माणूस बांधण्याला.

आणि ही खोड चिन्यांचीच आहे, असे समजून कोणी मिशीवर ताव देऊ नये. आपल्या गुणमेलनात छत्तीस गुण असतात. त्यांपैकी चार योनीचे. सत्तावीस नक्षत्रांना चौदा जनावरे वाटून दिली आहेत आणि त्यांच्या वैराच्या सात जोड्या लावल्या आहेत: गाय-वाघ, हत्ती-सिंह, घोडा-म्हैस, साप-मुंगूस, कुत्रा-हरीण, माकड-मेंढा, आणि मांजर-उंदीर. ज्याच्या घरात उपवर मुलगी आहे त्याला या प्राणिसंग्रहालयाची चांगली ओळख असते.

आम्ही त्या वेळी भांडुपच्या डोंगराकडच्या चाळीत राहत होतो. आसपासची बहुतेक बिऱ्हाडे आमच्यासारखीच कोकणातून आलेली. कारखान्याचा भोंगा झाला की कोणाचे बाबा सुटले आणि कोणाचे कामाला लागले, ते आम्हां पोरांना न बघता कळे. १९८८ साली ताईला बावीस वर्षे पूर्ण झाली. ती शिकवण्या घेई, उत्तम शिवण करी. एका स्थळाकडची माणसे आली, पोहे झाले, मुलाला मुलगी पसंत पडली, मुलीला मुलगा. पुढच्या रविवारी बोलणी करायची ठरली. रविवारी आले ते फक्त मध्यस्थ.

"मुलगी आश्लेषा नक्षत्राची निघाली हो," ते चपला न काढताच म्हणाले, "सासूला वाईट. शिवाय मार्जार योनी, आणि मुलाची मूषक. जाणूनबुजून मांजर कसे आणायचे घरात?"

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आज ती पत्रिका समोर घेऊन बसलो की हसावे का रडावे कळत नाही. आश्लेषा नक्षत्र कर्क राशीतले, म्हणून ताई राशीने खेकडा. नक्षत्राची देवता सर्प. योनी मांजराची. वर गण राक्षस. एका शिवण करणाऱ्या मुलीच्या अंगी एवढी मंडळी! आणि मुलाकडचे काय? मघा नक्षत्र सिंह राशीत पडते. म्हणजे स्वारी राशीने सिंह आणि योनीने उंदीर! त्यातला कोणता प्राणी आमच्या ताईला भ्याला, एवढे तरी त्यांनी सांगायला हवे होते.

पाच वर्षे हेच चालले. स्थळे येत, पत्रिका मागत, आणि बंद होत. ताईने आरशापुढे उभे राहणे सोडले. शेवटी बाबांनी, ज्या माणसाने आयुष्यात कधी रेल्वेचे तिकीट चुकवले नाही त्याने, एक गोष्ट केली. ताईचा जन्म पुष्य नक्षत्र संपून आश्लेषा लागल्यावर पाऊण तासाने झाला होता. बाबांनी जन्मवेळ एक तास मागे घेतली आणि नवी पत्रिका करवून आणली. पुष्य नक्षत्र: योनी मेंढ्याची, गण देवाचा. एका तासात मांजराचा मेंढा झाला आणि राक्षसाचा देव. सहा महिन्यांत, १९९३ साली, ताईचे लग्न झाले.

येथे कोणी म्हणेल, छान झाले, सुटली. नाही सुटली. सासूबाई देवमाणूस होत्या. पण त्यांना साधा खोकला झाला तरी ताईच्या पोटात गोळा येई. त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांचे भरले आयुष्य भोगून झोपेत डोळे मिटले, त्या दिवशी ताईने मला जिन्यात गाठून विचारले, "अरे, माझ्यामुळे तर नाही ना?" शिकलेली, शिकवणारी बाई ही! पत्रिका बदलली होती. मनात बसलेले मांजर बदलले नव्हते. पुढे एका जाणत्या ज्योतिषाने मला सांगितले की, आश्लेषाच्या पहिल्या चरणाला हा सासूचा दोष ग्रंथांतच मानलेला नाही. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने पाच वर्षे जाळली, ते शास्त्र उघडून वाचण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती. पण तुरुंगाला खिडकी आहे म्हणून तुरुंग बरा, असे मी म्हणणार नाही.

आता त्या अग्नीच्या घोड्याकडे वळू. तो साठ वर्षांतून एकदा येतो. आपल्या संवत्सरांचे चक्र जसे साठाचे, तसेच त्यांचे. जपानात ही समजूत फार घट्ट. १९६५ साली तेथे १८ लाख २३ हजार मुले जन्मली, १९६६ साली १३ लाख ६१ हजार, आणि १९६७ साली पुन्हा १९ लाख ३५ हजार. विजेवर धावणाऱ्या अतिवेगवान आगगाड्या नुकत्याच सुरू केलेल्या देशाने एका घोड्याला भिऊन साडेचार लाखांहून अधिक पाळणे रिकामे ठेवले. त्याआधीच्या, १९०६ च्या, अशाच वर्षी तर कित्येक आईबापांनी मुलींचा जन्म कागदोपत्री अलीकडच्या-पलीकडच्या वर्षात ढकलला. आमच्या बाबांचे हे जपानी भाऊबंद! आणि गंमत पाहा, त्याच वर्षीच्या मुलग्यांना या घोड्याची लाथ कधी बसली नाही. आपल्याकडेही सासूला वाईट सून असते; सासऱ्याला वाईट जावई मी अजून ऐकलेला नाही.

हे आकाश बोलते म्हणावे, तर ते ठिकठिकाणी वेगळे कसे बोलते? चिन्यांचा घोडा उंदराशी भांडतो, आपला म्हशीशी. त्यांच्या सापाचे डुकराशी वाकडे, आपल्याचे मुंगसाशी. त्यांचा वाघ माकडावर रुसलेला, आपला गाईवर टपलेला. आणि मांजर? चीनमध्ये त्याला जागाच नाही. शेजारच्या व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजराचे वर्ष चालते, २०२३ हे तेथे मांजराचेच वर्ष होते. हद्द ओलांडली की सशाचे मांजर होते. तेव्हा बोलतो तो माणूस, आणि आळ येतो ताऱ्यांवर.

शंका असणाऱ्यांसाठी पुरावाही घरचाच आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर व मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस देऊन कोणती कोणाची ते विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. बरोबर निघाली सरासरी शेकडा सेहेचाळीस. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती!

"पण गंमत म्हणून काय बिघडते?" असे विचारणारे सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. बहुतेक दिवाळी अंकांच्या शेवटच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य असते, आणि अंक हाती पडला की मीही चोरून माझी रास पाहतो. त्यात धनलाभ असला तर बायकोला वाचून दाखवतो. बिघडत काही नाही, जोवर ते भविष्य मी माझ्यापुरते वाचतो. दुसऱ्याच्या मुलीचे भविष्य तिच्या दारात चपला न काढता सांगू लागलो की गंमत संपते. आणि 'परंपरा, परंपरा' म्हणून जे गळा काढतात त्यांनी वसुबारस आठवावी. दिवाळीचा पहिला दिवा आपण गाय-वासरापुढे लावतो. जनावराचा मान ठेवण्याची ही परंपरा केवढी गोड! त्या गाईने कधी कोणाची योनी विचारली नाही.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत घरात लग्नाचे बोलणे निघेल, तेव्हा मुलाला व्यसन आहे का ते विचारा, डोक्यावर कर्ज किती ते विचारा, रागावला की हात उगारतो का ते विचारा, दोघांच्या रक्ताची तपासणी करा. मुलीला काय हवे ते मुलीलाच विचारा. एवढे विचारून होईतो पत्रिका उघडायला वेळच उरणार नाही.

त्या रात्री ताईने घरी जाऊन यजमानांना सारे सांगितले. जन्मवेळेचा तास, आश्लेषा, मांजर, सगळे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तीस वर्षं हे एकटीनं सांभाळलंस? मला आधी सांगितलं असतंस तर आईलाच सांगून टाकलं असतं. तिला मांजरं फार आवडायची."

२०२६ हे वर्ष पुन्हा त्या अग्नीच्या घोड्याचे. ताईच्या साठीचेही तेच. तिची साठीशांत करावी असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. मुहूर्त मात्र एकच पाहायचा: भाचीला सुट्टी कधी आहे.