दहावीचा अभ्यास आणि चिलटाचे घड्याळ

दहावीचे वर्ष लागले की घरात पहिली गदा येते ती टीव्हीवर आणि दुसरी झोपेवर. रात्री अकरापर्यंत क्लासचा अभ्यास, पहाटे पाचला गजर, सातला शाळा. मुलगा पेंगतो म्हणून आई चहाचा कप पुढे करते. आपण किती कमी झोपून शिकलो ते वडील ऐकवतात. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. परंतु झोप म्हणजे अभ्यासासाठी हवा तेव्हा कापून घेता येण्याजोगा फावला वेळ, ही जी समजूत या साऱ्यामागे आहे ती गेल्या पन्नास वर्षांतील जीवशास्त्राने पार मोडीत काढली आहे. शाळांच्या वेळापत्रकांत मात्र त्याचा मागमूस दिसत नाही.

या संशोधनाची सुरुवात झाली चिलटांपासून. केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंघावतात तीच ही चिलटे. शास्त्रज्ञ त्यांना फळमाशी म्हणतात. कॅलिफोर्नियातील सीमोर बेंझर आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ साली दिवसाचे चक्रच बिघडलेली तीन प्रकारची चिलटे शोधून काढली. एका प्रकाराचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचा काही धरबंधच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकातले निघाले. वेळेचे भान केवळ सवयीने येत नाही, ते आनुवंशिक द्रव्यातच लिहिलेले असते, याचा तो पुरावा होता. (याच बेंझर यांच्याबरोबर काम केलेल्या ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चिलटांच्या गंधज्ञानाचा अभ्यास उभा केला. चिलटांवर आयुष्य वेचणाऱ्यांची आपल्याकडे थट्टा होते, होऊ नये.)

१९८४ साली हे जनुक प्रत्यक्ष हाती आले आणि पुढच्या दशकात घड्याळाची यंत्रणा उलगडत गेली. जनुकाच्या आज्ञेवरून पेशी एक प्रथिन तयार करते. ते रात्री साचत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि ज्या जनुकामुळे ते निर्माण झाले त्याचेच काम थांबवते. मग साठा झिजतो. पुरेसा झिजला की जनुक पुन्हा कामाला लागते. हा फेरा सुमारे २४ तासांचा. या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातही याच कुळातली जनुके आहेत. अमेरिकेतील यूटा येथील एका घराण्यातल्या काही जणांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप येई आणि पहाटे साडेचारच्या आसपास जाग येई. असा एखादा माणूस आपल्याकडे असता तर त्याच्या शिस्तीचे दाखले दिले गेले असते! २००१ साली कळले की एका जनुकातील छोटासा बदल याच्या मुळाशी आहे.

आता मुद्दा असा, की वयात येताना हे घड्याळ मागे पडते. झोपेची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक किशोरवयात दोन तासांपर्यंत उशिरा स्रवू लागते, आणि विशीनंतर काटा हळूहळू पूर्ववत सरकू लागतो. पंधरा वर्षांची मुलगी रात्री दहाला टक्क जागी असते, ती दर वेळी मोबाइलमुळेच असते असे नाही. (मोबाइलचा उजेड त्यात भर घालतो, हे खरे.) या वयाला ८ ते १० तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात. अकराला झोपून पाचला उठणाऱ्या मुलीला मिळतात सहा.

राहिलेल्या दोन तासांत ती काय गमावते? एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की घटकाभर टिकणाऱ्या आठवणीला पेशीतली असलेलीच प्रथिने पुरतात. दिवसेंदिवस टिकणाऱ्या आठवणीसाठी मात्र पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जावा लागतो, जनुके जागी व्हावी लागतात आणि नवी प्रथिने घडावी लागतात. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उंदरांना काही शिकवून लगेच पाच तास जागे ठेवले, तेव्हा त्यांची आठवण कच्ची राहिली. २००९ साली असे दिसून आले, की जागरणाने कँडेल यांना सापडलेल्या निरोपांच्या साखळीतलाच एक दुवा दुबळा होतो. त्याआधी, १९९४ मध्ये, अॅरिझोनातील दोघा संशोधकांनी झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत दिवसा वापरलेल्या चेतापेशी पुन्हा एकत्र चेतवताना पाहिल्या होत्या. मेंदू जणू उजळणी करीत होता, तीही फुकट, क्लासची फी न भरता!

चहाने हे भरून निघत नाही. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोप दाटून येते. चहातले कॅफीन ते द्रव्य हटवत नाही. ते जिथे चिकटते त्या जागा तेवढ्या अडवून बसते. आणि ब्राह्ममुहूर्ताचे काय, असे आजी-आजोबा विचारतील. ब्राह्ममुहूर्तावर उठणारी ती पिढी दिवेलागणीनंतर जेवून लवकर निजत असे. आपण त्यांची पहाट तेवढी उचलली, त्यांची रात्र सोडून दिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चिमुकल्यांची काळजी घेतली हे चांगलेच झाले. पण चिमुकली पोरे मुळात लवकर उठणारी. घड्याळ मागे पडते ते त्यांच्या आठवी-दहावीतल्या ताई-दादांचे, आणि त्यांचा या निर्णयात उल्लेख नाही. जिथे एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात तिथे सकाळचे सत्र कोणाच्या तरी वाट्याला येणारच. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून नेमके मोठ्या मुलांसाठी बंधन घातले : माध्यमिक शाळा साडेआठच्या आत नाही. सिअॅटलमध्ये २०१६ साली शाळांची वेळ जवळपास तासाभराने पुढे नेली, तेव्हा मुले त्या वेळात अधिक जागत बसतील अशी भीती होती. प्रत्यक्षात ती रोज सरासरी ३४ मिनिटे जास्त झोपू लागली.

आपल्या शहरांत जागा अपुरी आहे, बसच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत, आईवडिलांना कामावर जायचे असते, या अडचणी खोट्या नाहीत. एकच सत्र असलेल्या शाळांना मात्र नववी-दहावी साडेआठला भरवायला काय हरकत आहे? आणि जिथे तेही जमत नाही तिथे पहिल्या तासाला गणित ठेवण्याचा प्रघात तरी मोडावा. त्यासाठी मुख्याध्यापकांची सही पुरेशी आहे.